ज्युदो आणि वजनं उचलणं चालू ठेवून दहा आठवडे लो-कार्ब डबा खाल्ला, त्याचा रिव्ह्यू

डबा चांगला आहे, मी पुढेही घेणारे, पण क्लासच्या दिवशी भाकरी मागून घ्या. ज्यांना एवढंच हवंय त्यांच्यासाठी आधीच लिहून टाकलं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहिते, कारण मी डबा लावायच्या आधी शोधत होते तेव्हा जे सापडलं ते सगळं 'चव मस्त, पोर्शन ठीक, वजन उतरलं' एवढंच होतं, आणि दिवसभर ऑफिस करून संध्याकाळी मॅटवर आपटणाऱ्या माणसाने हा डबा खाल्ला तर काय होतं हे कुणीच लिहिलेलं नव्हतं.

मी कर्वेनगरला राहते, वय ३८. मंगळ-गुरु-शनि संध्याकाळी ७ ते ८:३० ज्युदो, आणि सोमवारी नि शुक्रवारी सकाळी ऑफिसच्या आधी जिम. कॉलेजात असताना ज्युदो केला होता, मग लग्न, नोकरी, मुलगी यात बरीच वर्षं गेली, आता दोन वर्षं झाली परत सुरू करून. मे महिन्यात कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची टेस्ट) ५.९ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस. वडिलांना शुगर आहे, आजीला होती, त्यामुळे तो आकडा बघून मी खरंच घाबरले. डॉक्टर म्हणाले की भात-पोळी-साखर कमी करा, प्रोटीन वाढवा, आणि व्यायाम करताय तो अजिबात सोडू नका. वजन होतं ७४.२. ज्युदोत बायकांच्या गटात ७० च्या आत एक गट आहे आणि त्याच्या वर ७८ चा, म्हणजे मी ७८ च्या गटात पण त्या गटातली सगळ्यात हलकी. क्लासमधल्या मुली त्यावरून बोलायच्या की ताई तू चार किलो उतरव, गट बदलेल. तर शुगर हे मुख्य कारण आणि गट हे दुसरं.

डब्याचं नाव इथे टाकत नाहीये. घरगुती सर्व्हिस आहे, ताई आणि त्यांच्या सासूबाई दोघी मिळून करतात, वीसेक गिऱ्हाइकं आहेत आणि खाली मी ज्या तक्रारी लिहिणारे त्या नावासकट लिहिणं मला बरोबर वाटत नाही. सोमवार ते शनिवार, दुपारचा आणि संध्याकाळचा असे दोन डबे, महिन्याचे ९६०० रुपये. २६ दिवस धरले तर एका डब्याचे साधारण १८५ पडतात. साध्या पोळी-भाजीच्या डब्याच्या मानाने महाग आहे, पण यात रोज पनीर नाहीतर चिकन नाहीतर अंडी असतात त्यामुळे मला तो दर पटला.

आता जेवण. हे खरंच मनापासून सांगते, चवीला मी दहापैकी नऊ देईन. मला भीती होती ती उकडलेल्या ब्रोकोलीची आणि बिनमिठाच्या चिकनची, तसलं काहीच नाही. शेपू मुगाची डाळ अगदी नावाला घालून, भरली वांगी दाण्याच्या कुटाची, कोबीत ओलं खोबरं, सुकं चिकन कांदा-खोबऱ्याच्या वाटणातलं, अंड्याचा रस्सा, काकडीची खमंग कोशिंबीर, आणि जवस नाहीतर कारळ्याची चटणी रोज वेगळ्या छोट्या डबीत. भाताच्या जागी फ्लॉवर किसून परतलेला असतो, पहिले दोन दिवस विचित्र वाटला पण अंड्याच्या रश्श्याबरोबर चांगला लागतो, नुसता खाल्ला तर नाही. मासे मिळाले नाहीत कारण मी जूनच्या मध्याला सुरू केलं आणि ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, पुढे श्रावण. ताईंनी सांगितलंय की एरवी आठवड्यातून एकदा बांगडा असतो.

डबे स्टीलचे आहेत, हे मला फार आवडलं. पावसात दोनदा अर्धा-पाऊण तास उशीर झाला, एकदा रस्सा सांडलेला आला, बाकी दहा आठवड्यांत डिलिव्हरीची कटकट नाही. मुलगा फोन करून सांगतो उशीर होणार असेल तर.

पहिल्या तक्रारीकडे येते. लो-कार्ब म्हणून जे येतं ते सगळं लो-कार्ब नसतं. माझ्याकडे किचनचा वजनकाटा आहे, पहिल्या आठवड्यात मी सगळं मोजत होते, आणि पिठल्याच्या दिवशी लक्षात आलं की भाकरी काढून टाकली आणि पिठलं दुप्पट केलं की ते लो-कार्ब होत नाही. बेसनात १०० ग्रॅमला ५५-६० ग्रॅम कार्ब्स असतात. वाटीभर घट्ट पिठल्यात चाळीस ग्रॅम बेसन सहज असतं, म्हणजे बावीस-चोवीस ग्रॅम कार्ब्स झाले, एक पोळी खाल्ल्यासारखंच. पिठलं वाईट नाही, त्यात प्रोटीन आहे, पण ज्याला शुगरसाठी मोजून खायचंय त्याला ते माहीत असायला हवं. आणि आमटीत गूळ. मी फोन केला, "ताई, आमटीत गूळ घालताय का?" तर म्हणाल्या, "अगं चिमूटभर, त्याशिवाय गोडा मसाला लागतच नाही." मी म्हटलं माझ्या डब्याला नका घालू, तर त्या दिवसापासून माझी आमटी वेगळी काढली. हा स्वभाव मला फार महत्त्वाचा वाटतो, मोठ्या कंपनीच्या डब्यात हे कुणी केलं नसतं.

दुसरी तक्रार प्रोटीनची. वजनं उचलणाऱ्या माणसाला दिवसाला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन लागतं असं धरलं तर मला ११५-१२० ग्रॅम हवं. दोन डबे मिळून माझ्या मोजणीत सरासरी साठ यायचं, चिकनच्या दिवशी सत्तर. पनीरच्या दिवशी कमी, कारण १०० ग्रॅम पनीरमध्ये अठरा ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि त्याहून जास्त फॅट असतं आणि डब्यात पनीर ऐंशी ग्रॅमच्या वर कधी भरलं नाही. म्हणजे निम्मं प्रोटीन मला बाहेरून भरायला लागलं, सकाळी तीन अंडी, जिमनंतर व्हे प्रोटीन पावडरचा एक स्कूप, रात्री वाटीभर दही. या खर्चाचा हिशोब डबा लावताना कुणी सांगत नाही, महिन्याला अडीच-तीन हजार त्यात गेले.

आता खरा विषय, ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

पहिल्या आठवड्यात वजन १.८ किलो उतरलं. घरात सगळे खूश, मीही. पण ती चरबी नव्हती हे समजून घ्या, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात काटा हलत नाही तेव्हा निराश व्हाल. आपल्या स्नायूंत आणि लिव्हरमध्ये मिळून चार-पाचशे ग्रॅम साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवलेली असते आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवलेलं असतं. भात-पोळी बंद केली की तो साठा खाली होतो आणि पाणीही जातं. काटा खाली येतो, पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी गेलेलं असतं आणि ते काय गेलं हे मॅटवर कळतं.

आमच्याकडे शनिवारी रॅन्डोरी, म्हणजे जोडीदाराबरोबर सरावाची मोकळी लढत, जास्त असते. चार-चार मिनिटांचे पाच राउंड, मध्ये एक मिनिट श्वास घ्यायला. स्पर्धेतली मॅचही चार मिनिटांचीच असते, बरोबरी होऊन पुढे गोल्डन स्कोर (जादा वेळ) गेला तर त्याला वेळेची मर्यादाच नाही. डबा सुरू करून तिसरा शनिवार. पहिला राउंड नेहमीसारखा, दुसऱ्यात ग्रिप सैल पडायला लागली, आणि तिसऱ्यात माझ्यापेक्षा वीस किलोंनी हलक्या मुलीने मला ओसोटो (पायाने पाय उडवायचा डाव) मारून सरळ पाठीवर टाकलं. पडण्याचं काही नाही, आपण पडायलाच जातो तिथे. पण मला कॉलर धरता येत नव्हती. दम लागला नव्हता, छाती ठीक होती, हात मात्र रिकामे झाल्यासारखे, बोटं वळायचीच नाहीत. चौथ्या राउंडला मी बाहेर बसले. सर म्हणाले, "झोप झाली नाही का?" झोप आठ तास झाली होती. पुढच्या मंगळवारी तसंच, गुरुवारी तसंच, आणि मला वाटायला लागलं की वय झालं, एवढंच माझं शरीर.

आणि त्याच आठवड्यात सोमवारी सकाळी स्क्वॉटला माझा नवा रेकॉर्ड झाला होता, ४७.५ किलो पाच वेळा. म्हणून मी विचार करत बसले की हे कसं, वजनं वाढतायत आणि रॅन्डोरी कोसळतेय, खाणं तर तेच आहे.

उत्तर असं आहे की ही दोन वेगळी कामं आहेत. रॉडवर पाच रेप, म्हणजे सलग पाच वेळा उचलणं, हे पंधरा-वीस सेकंदांचं काम, मग तीन मिनिटं आराम. त्याला लागणारी ताकद बरीचशी स्नायूत तयार पडलेल्या फॉस्फेटमधून येते आणि ती आरामाच्या मिनिटांत परत भरते. रॅन्डोरीत तसं नाही, चार मिनिटं तुम्ही ओढताय, ढकलताय, कॉलरला लटकताय, थ्रोला शिरताय, खाली नेवाझात (जमिनीवरच्या लढतीत) पकडून ठेवताय, परत उठताय, आणि मध्ये साठ सेकंद. तिथे स्नायू साखर जाळतात आणि ती साखर मी तीन आठवडे भरलीच नव्हती. चरबीतून ताकद मिळते पण ती एवढ्या वेगाने नाही मिळत. २०१२ साली इटलीत अव्वल दर्जाच्या जिम्नॅस्ट्सवर एक अभ्यास झाला होता, ३० दिवस जवळजवळ बिनकार्बचं खाणं, त्यांची ताकद कमी झाली नाही आणि चरबी घटली. लो-कार्बवाले लोक तो दाखवतात आणि ते खरंच आहे, माझ्या स्क्वॉटचंही तेच झालं. पण ऑस्ट्रेलियात वर्ल्ड क्लास चालण्याच्या शर्यतीवाल्यांवर केलेला अभ्यास २०१७ साली आला, त्यात कीटोवर (म्हणजे जवळजवळ बिनकार्बच्या, भरपूर फॅटच्या खाण्यावर) असलेल्यांना त्याच वेगासाठी जास्त ऑक्सिजन लागत होता आणि इतरांची १० किलोमीटरची वेळ सुधारली तशी यांची सुधारली नाही. दोन्ही बरोबर आहेत, तुम्ही नक्की कसली मेहनत करताय त्यावर आहे.

'मेहनत' शब्द लिहिला आणि आजोबा आठवले. माझं माहेर कराडजवळ आहे, खाशाबा जाधवांचं गोळेश्वर तिथून जवळ, ज्यांनी १९५२ ला हेलसिंकीत कुस्तीत कांस्य आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. आमच्या लहानपणी गावात कुस्तीचा विषय निघाला की ते नाव यायचंच. आजोबा तरुणपणी तालमीत जायचे, आणि तालमीत व्यायामाला मेहनत म्हणतात आणि खाण्याला खुराक, आणि हे दोन शब्द कधी सुटे बोललेले मी ऐकले नाहीत. आजी सांगायची की जोर-बैठका आणि लढती जास्त असायच्या त्या दिवसांत त्यांच्या ताटात भाकऱ्या वाढायच्या, आणि शेतीच्या कामामुळे तालीम बंद असली की दूध-तूप तेच पण भाकरी कमी. हे कुणी डाएट प्लॅन म्हणून लिहून दिलेलं नव्हतं. मी पुण्यात काटा घेऊन ग्रॅम मोजत बसले आणि शेवटी फिरून आजीच्या ताटापाशीच आले.

तर मी ताईंना फोन केला, की मंगळ-गुरु-शनि मला दुपारच्या डब्यात ज्वारीच्या दोन भाकऱ्या द्या. इथे आमचं पहिल्यांदा वाजलं. त्या म्हणाल्या, "मग साधा डबाच घे ना, लो-कार्ब म्हणजे लो-कार्ब, आमच्या बाकीच्या गिऱ्हाइकांचं भाकरीशिवाय चाललंय." मी समजावून सांगायचा प्रयत्न केला, त्यांना वाटलं मला राहवत नाहीये म्हणून मी कारणं देतेय. मला वाईट वाटलं, खोटं नाही सांगत. दोन आठवडे मी स्वतःच ऑफिसच्या खालून भाकरी विकत घेतली. मग एका शनिवारी ताईंचा मुलगा डबा द्यायला क्लासवरच आला कारण मी घरी नव्हते, त्याने दारात उभं राहून दोन राउंड बघितले आणि घरी जाऊन आईला सांगितलं असणार, कारण सोमवारी ताईंचाच फोन आला, "अगं तू असलं काय काय करतेस, आधी सांगायचं ना, देते भाकरी." भाकरीचे २० रुपये वेगळे घेतात दिवसाला, माझी काही हरकत नाही.

वेळ कशी लावायची ते सांगते, कारण यात मी दोनदा चुकले. क्लासच्या तासभर आधी भाकरी खाऊ नका, पोटात जड राहते आणि नेवाझात कुणी पोटावर वजन टाकलं की तोंडाशी येतं. एक भाकरी दुपारच्या जेवणात, दुसरी साडेचारला दही नाहीतर चटणीबरोबर, आणि क्लासला निघताना एक केळं. दोन भाकऱ्यांत साधारण ८० ग्रॅम कार्ब्स, केळ्यात २५. म्हणजे बाकीचे चार दिवस माझे ७०-८० ग्रॅम कार्ब्स आणि क्लासच्या तीन दिवशी पावणेदोनशेच्या आसपास. हे कीटो नाही आणि कुणी तसं म्हणूही नये, पण आधी मी रोज भात-पोळी-चहा-बिस्किटं मिळून तीनशेच्या वर होते त्या मानाने हे कितीतरी कमी आहे. पहिल्याच शनिवारी फरक. पाचही राउंड खेळले, शेवटच्या राउंडला ग्रिप टिकली, सेओईला (खांद्यावरून टाकायचा डाव) शिरता आलं. आणि वजन उतरायचं थांबलं नाही, आठवड्याला तीनशे-चारशे ग्रॅम जातच राहिलं.

जिमबद्दलही लिहायला हवं कारण डबा आणि ज्युदो यांच्यामध्ये ते आहे. आधी मी ज्या जिममध्ये होते तिथला ट्रेनर म्हणायचा ज्युदोसाठी स्टॅमिना पाहिजे, म्हणून सर्किट, पंधरा-पंधरा रेप, बर्पी, दोरी, घाम गळेपर्यंत. सहा महिने केलं, काही वाढलं नाही, फक्त थकत गेले. माझं ठाम मत झालंय की दमाचं काम रॅन्डोरी करते, त्याच्यासाठी वेगळं सर्किट कशाला, आणि कार्ब्स कमी असताना तर मुळीच नको. जिममध्ये मी फक्त ताकदीचं करते. सोमवारी स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस आणि रोइंग, शुक्रवारी डेडलिफ्ट, बेंच आणि पुल-अप, सगळं पाच रेपचे तीन सेट, पाऊण तासात बाहेर. पुल-अप रॉडवर जुना ज्युदोचा जॅकेट टाकून त्याच्या बाह्या धरून करते, ग्रिपला याच्यासारखं दुसरं काही नाही. वजन आठवड्याला अडीच किलोने वाढवते, प्रेसला सव्वा. दहा आठवड्यांत स्क्वॉट ४० वरून ५७.५, डेडलिफ्ट ६० वरून ८२.५. एक सूचना, जिमचा रॉड एकदा काट्यावर ठेवून बघा, ऑलिम्पिक रॉड २० किलोचा असतो पण बऱ्याच ठिकाणी तसाच दिसणारा रॉड बारा-पंधराचा निघतो आणि जिम बदलली की तुमचा सगळा हिशोब चुकतो. मॅटवर ताकदीचा फायदा कुठे दिसला तर उचलण्यात नाही दिसला, उभं राहण्यात दिसला. आधी कुणी मान खाली ओढली की मी कमरेत वाकायचे आणि मग गेलंच, आता पाठ ताठ राहते.

मीठ. हे कुणी सांगत नाही म्हणून वेगळं लिहिते. चौथ्या आठवड्यात नेवाझात दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले, रात्री झोपेतून उठले. कार्ब्स कमी झाले की इन्शुलिन कमी होतं आणि किडनी मीठ जास्त बाहेर टाकते, वर जुलैचा दमट घाम, आणि डबा 'हेल्दी' म्हणून कमी मिठाचा. मी दुपारी आणि क्लासनंतर एकेक ग्लास ताक, जिरं आणि चांगलं अर्धा चमचा मीठ घालून, प्यायला लागले आणि गोळे बंद. बीपी असेल तर हे मनाने करू नका. आणि शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर हा डबाच डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका, खाणं कमी झालं आणि गोळीचा डोस तोच राहिला तर शुगर एकदम खाली जाऊ शकते, आणि काही गोळ्यांवर असताना लो-कार्ब केलं तर कीटोॲसिडोसिसचा (रक्तात आम्ल साठण्याचा) खरा धोका असतो. डबा देणाऱ्या ताईंनी मला हे विचारलं नव्हतं. मी त्यांना सांगितलंय की नवीन गिऱ्हाईक घेताना पहिला प्रश्न हा विचारा.

बायकांसाठी अजून एक. सातव्या आठवड्यात माझी पाळी नऊ दिवस लांबली, जी माझी घड्याळासारखी असते. हिशोब केला तर डबा, अंडी, व्हे सगळं मिळून कसंबसं तेराशे कॅलरीपर्यंत जात होतं आणि त्यात पाच दिवस व्यायाम. कार्ब्स कमी करायच्या नादात आपण एकूणच कमी खातो आणि पोट भरलेलं वाटतं म्हणून कळत नाही. खेळणाऱ्यांमध्ये कमी खाण्याने पाळी, हाडं, प्रतिकारशक्ती या सगळ्यावर परिणाम होतो, ऑलिम्पिक समितीने २०१४ पासून त्याला रेड-एस असं नावच दिलंय. मी मूठभर शेंगदाणे, एक चमचा तूप आणि रात्री एक अंडं वाढवलं, पुढची पाळी वेळेवर आली. वजन उतरण्याचा वेग कमी झाला, चालेल. क्लासमधल्या कॉलेजच्या मुली गटासाठी दोन दोन दिवस जेवत नाहीत हे मी बघते तेव्हा मला फार काळजी वाटते, त्यांना मी हे सगळं सांगत असते.

श्रावण लागला आणि ताईंकडे चिकन, अंडी बंद. मला धार्मिक अडचण नाही पण त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांचा नियम, तो मान्य आहे. फक्त चार आठवडे रोज पनीर आणि उसळ, आणि उसळ म्हणजे परत कार्ब्स. मी सोयाबीनच्या वड्या सुचवल्या, १०० ग्रॅम कोरड्या वड्यांत पन्नासच्या वर प्रोटीन असतं आणि स्वस्त आहेत. सासूबाईंनी त्याचा खिमा केला वाटण घालून आणि तो इतका छान झाला की आता तो सगळ्या गिऱ्हाइकांना जातो. श्रावणी सोमवारी साबुदाण्याची खिचडी आली एकदा, लो-कार्बच्या डब्यात, मी परत पाठवली नाही, शेजारच्या काकूंना दिली, आणि ताईंना सांगितलं की माझ्यासाठी उपवासाचं नको, मी दही आणि दाणे खाईन.

ऑफिसमध्ये तीन-चार जण दीक्षित डाएटवर आहेत, दोनदा जेवायचं, ५५ मिनिटांत संपवायचं, मध्ये काही नाही. त्यांनी मला विचारलं की तू तेच का नाही करत, सोपं आहे. माझ्या वेळापत्रकात बसत नाही, साडेचारची भाकरी आणि क्लासनंतरचं जेवण यात ५५ मिनिटं कुठे बसवणार. ज्यांचा व्यायाम सकाळी चालण्याचा आहे त्यांचं चांगलं चाललंय.

शेवटचं वजन ६९.८. त्यात पहिल्या आठवड्याचं पाणी धरा, भाकरी सुरू केल्यावर त्यातलं थोडं परत आलं असणार, तरी साडेतीन किलोच्या आसपास खरं उतरलंय असं मला कमरेवरून वाटतं, जीन्स दोन वर्षांपूर्वीची बसतेय. एचबीए१सी अजून परत केलेलं नाही, ते साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं म्हणून सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात करणारे.

पुढच्या महिन्यापासून मी फक्त दुपारचा डबा ठेवलाय. संध्याकाळचा बंद केला, कारण क्लासवरून नऊला घरी आल्यावर सहा वाजता आलेलं गार जेवण गरम करून खाण्यापेक्षा चार अंड्यांची भुर्जी ताजी करायला दहा मिनिटं लागतात, आणि मुलगीही तेच खाते. ताईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चालेल, पण भाकरीचं पीठ मी आता दर शनिवारी ताजं दळून आणते तुझ्यासाठी, ते बंद नको करूस."